लांबलेला खोकला: आधी कारण, मग औषध



पावसाळा सरून थंडी सुरू झाली, की दवाखान्यात एक वाक्य रोज कानावर पडते: "डॉक्टरसाहेब, सर्दी-ताप गेला, पण खोकला काही जात नाही." किती दिवस झाले असे विचारले, तर उत्तर येते, "झाले असतील दोनेक महिने." या दोन महिन्यांत मेडिकलमधून आणलेल्या तीन-चार बाटल्या रिकाम्या झालेल्या असतात. शेजारणीने सांगितलेला काढा झालेला असतो, कुणी दम करून दिलेले पाणीही पिऊन झालेले असते. झालेली नसते ती फक्त तपासणी.

दुआ जरूर करावी. परंतु अल्लाहने प्रत्येक आजारासाठी इलाज ठेवला आहे, म्हणून उपचार करा, अशी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची स्पष्ट शिकवण आहे. आणि उपचार करायचा तर आजार कोणता हे आधी कळायला हवे. खोकला हे लक्षण आहे. त्याच्यामागे साधी सर्दी असू शकते, दमा असू शकतो, पोटातील आम्ल असू शकते, रक्तदाबाची एखादी गोळी असू शकते किंवा टीबीही असू शकतो. या प्रत्येकाचे औषध वेगळे आहे. म्हणून एकाला लागू पडलेली बाटली दुसऱ्याला लागू पडत नाही.

खोकला किती दिवसांचा?

घसा, श्वासनलिका, फुप्फुसांकडे जाणाऱ्या नळ्या, अन्ननलिका, इतकेच काय, कानाच्या पोकळीतही अशा नसा असतात की त्यांना त्रास झाला तर खोकला उठतो. कानात मळ घट्ट बसल्यामुळे खोकला येणारे रुग्णही असतात. खोकला ही मुळात शरीराची संरक्षणव्यवस्था आहे. श्वासमार्गात शिरलेली धूळ, कफ किंवा अन्नाचा कण त्यामुळे बाहेर फेकला जातो.

विषाणूंमुळे झालेल्या सर्दीनंतरचा खोकला बहुधा तीन आठवड्यांत थांबतो. काही जणांना श्वासमार्ग हळवा झाल्यामुळे तो सहा ते आठ आठवडे रेंगाळतो. हज किंवा उमराहून परतलेल्या अनेकांना असा खोकला असतो. लाखोंच्या गर्दीत संसर्ग सहज पसरतो. मोठ्या माणसात आठ आठवड्यांपेक्षा आणि लहान मुलात चार आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेल्या खोकल्याला जुनाट खोकला म्हणतात.

मात्र आपल्या देशात आठ आठवडे वाट पाहायची नसते. जगातील टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. म्हणून दोन आठवडे झाले की टीबीची तपासणी करावी, असा आपल्याकडचा नियम आहे.

दोन आठवडे झाले? आधी टीबी तपासा

खोकल्याबरोबर संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्री घाम, भूक मरणे, वजन घटणे, बेडक्यातून रक्त पडणे ही टीबीची ओळखीची लक्षणे आहेत. पण ती सगळी एकदम दिसतील असे नाही. कधी फक्त खोकलाच असतो. मधुमेह असलेल्यांना टीबीचा धोका इतरांपेक्षा दुप्पट-तिप्पट असतो. घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल किंवा छोट्या, कोंदट खोलीत अनेक जण राहत असतील तर अधिक सावध राहावे.

सरकारी दवाखान्यात बेडका आणि छातीचा एक्स-रे यांची तपासणी मोफत होते. बेडका देताना एक चूक बरेच जण करतात. तोंडातली लाळ डबीत थुंकतात. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून काढलेला बेडका द्यायचा असतो. आता सीबीनॅट आणि ट्रूनॅट या यंत्रांवर जंतू आहेत की नाही, आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला ते दाद देतात की नाही, हे काही तासांत कळते.

साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा आहे. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन. ती मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेखाली उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी दरमहा रक्कम बँक खात्यात जमा होते. २०१८ मध्ये ती ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली आहे. या गोळ्यांमुळे लघवी केशरी होते, त्याला घाबरू नये. डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात किंवा नजर अंधूक झाली, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवावे. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या भगिनींनी तसे सांगावे, कारण टीबीच्या औषधांमुळे त्यांचा असर कमी होतो.

महिना-दीड महिन्यात खोकला थांबतो, वजन वाढू लागते आणि "आता बरे वाटते" म्हणून गोळ्या बंद होतात. इथेच घात होतो. उरलेले जंतू औषधाला जुमानेनासे होतात आणि पुढचा उपचार लांब व कठीण होतो.

आपल्या समाजात आणखी एक अडचण आहे: लपवालपवी. मुलीला टीबी झाला हे कळले तर रिश्ता येणार नाही, म्हणून अम्मी-अब्बा तिला गुपचूप दूरच्या डॉक्टरकडे नेतात. नवी सून सासरी खोकला पदरात दाबून ठेवते. कोकणातील आणि इतर भागातील अनेक तरुण आखाती देशांत नोकरीला जातात. व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत छातीचा एक्स-रे काढतात, म्हणून "तपासणी पार पडू दे, मग बघू" असा विचार होतो. पण दडवलेला टीबी एक्स-रेमध्ये दिसल्याशिवाय राहत नाही, आणि जितका उशीर तितका फुप्फुसावरचा डाग मोठा. लवकर सापडला, पूर्ण उपचार झाला, तर टीबी बरा होतो. बरी झालेली मुलगी संसार करू शकते, तिला मुले होऊ शकतात. टीबी हवेतून पसरतो. ताटे-वाट्या वेगळ्या ठेवण्याची गरज नाही. खिडक्या उघड्या ठेवणे, खोकताना तोंड झाकणे आणि सुरुवातीच्या आठवड्यांत मास्क लावणे गरजेचे आहे. घरातल्या इतरांचीही तपासणी करून घ्यावी. त्यांच्यासाठी प्रतिबंधक उपचार मिळतो.

टीबी नाही, मग काय?

बेडका आणि एक्स-रे दोन्ही ठीक आले, की रुग्णाचा जीव भांड्यात पडतो. पण खोकला तर चालूच असतो. अशा वेळी तीन कारणे सर्वांत जास्त आढळतात. एकाच माणसात दोन कारणे एकत्र असणेही नवे नाही.

पहिले कारण नाकाचे. ॲलर्जी किंवा सायनसमुळे नाकातील पाणी मागच्या बाजूने घशात उतरत राहते. सारखा घसा खाकरावासा वाटतो, सकाळी उठल्यावर खोकला जास्त येतो, शिंका येतात, नाक चोंदते. यावर ॲलर्जीची गोळी आणि नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा उपयोगी पडतो. फवारा मारताना नळीचे तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न करता बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या दिशेने करावे, आणि दोन-चार दिवसांत सोडून न देता डॉक्टर सांगतील तितके आठवडे वापरावा. चोंदलेले नाक झटकन मोकळे करणारे थेंब वेगळे. ते चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले तर नाक उलट जास्त चोंदते. वुजू करताना आपण नाकात पाणी घेतो, त्याने नाक स्वच्छ राहते. पण सायनससाठी नाक आतून धुवायचे असेल तर नळाचे पाणी वापरू नये. उकळून कोमट केलेल्या पेलाभर पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ घालून ते वापरावे.

दुसरे कारण दमा. दमा म्हणजे धाप आणि छातीत शिट्टीसारखा आवाज, असा समज आहे. पण काही जणांत दम्याचे एकमेव लक्षण म्हणजे कोरडा खोकला. तो रात्री दोन-तीनच्या सुमारास किंवा पहाटे उठतो. हसल्यावर, धावल्यावर, थंड हवेत, फोडणीच्या वासाने, उग्र अत्तराने वाढतो. फुंकून करायच्या स्पायरोमेट्री चाचणीने निदानाला मदत होते. उपचार म्हणजे श्वासातून घ्यायचे स्टिरॉइड, म्हणजेच इन्हेलर किंवा लोकांच्या भाषेत पंप.

पंपाचे नाव काढले की घरात चर्चा सुरू होते: "एकदा लागला की सुटत नाही." "मुलगी आहे, लोक काय म्हणतील?" खरी गोष्ट अशी की पंपाचे व्यसन लागत नाही. गोळीतून घेतलेले स्टिरॉइड मिलिग्रॅममध्ये असते आणि साऱ्या शरीरात फिरते. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे हजारातल्या काही भागांत असतो आणि थेट जागेवर पोहोचतो. श्वास सोडून, पंप दाबत सावकाश खोल श्वास ओढावा आणि दहा सेकंद रोखावा. ज्यांना हे जमत नाही त्यांनी स्पेसर नावाची नळी जोडावी. पंप घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकावे, म्हणजे तोंड येत नाही. दोन दिवसांत बरे वाटले तरी पंप स्वतःहून बंद करू नये.

तिसरे कारण पोटातील आम्ल. जठरातील आम्ल अन्ननलिकेत वर चढते आणि खोकला उठतो. छातीत जळजळ असेलच असे नाही. जेवणानंतर, वाकल्यावर किंवा आडवे पडल्यावर खोकला वाढणे, सकाळी आवाज घोगरा असणे, तोंडाला आंबट चव येणे या खुणा आहेत. रात्रीचे जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवावे, पोट गच्च भरू नये, तळलेले पदार्थ आणि वारंवारचा चहा कमी करावा, वाढलेले वजन उतरवावे. नुसती उशी उंच करून भागत नाही. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू अर्धा फूट उचलावी. आम्ल कमी करणारी गोळी जेवणापूर्वी अर्धा तास घ्यायची असते. खोकला शमायला दोन-तीन महिनेही लागू शकतात. मात्र जळजळ वगैरे काहीच नसताना नुसत्या या गोळ्यांनी खोकल्याला फारसा फरक पडत नाही, म्हणून त्या वर्षानुवर्षे चालू ठेवू नयेत.

बीपीची गोळी बदलली होती का?

हा प्रश्न मी न चुकता विचारतो. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल अशी नावे असलेल्या, शेवटी 'प्रिल' येणाऱ्या गोळ्या रक्तदाब आणि हृदयासाठी फार उपयोगी आहेत. पण काही जणांना, विशेषतः स्त्रियांना, त्यांच्यामुळे घशात खवखवणारा कोरडा खोकला सुरू होतो. तो गोळी सुरू केल्यावर काही दिवसांनीही येतो, काही महिन्यांनीही. त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. मग टीबीच्या तपासण्या, सिटी स्कॅन, कफ सिरप सारे होते आणि गोळी मात्र चालूच राहते.

ही गोळी मनाने बंद करू नका. रक्तदाब चढला तर खोकल्यापेक्षा मोठे संकट ओढवेल. गोळ्यांचे पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा. याच कामाच्या दुसऱ्या गटातील, 'सार्टन' नावाने संपणाऱ्या गोळ्यांनी सहसा खोकला होत नाही. बदल केल्यावर एक ते चार आठवड्यांत खोकला जातो, क्वचित तीन महिने लागतात.

धूर, धूळ आणि रोजीरोटी

विडी-सिगारेट ओढणाऱ्याचा सकाळचा कफ आणि खोकला ही "नेहमीची सवय" समजली जाते. ती फुप्फुसे झिजत असल्याची खूण आहे. हुक्क्यातल्या पाण्याने धूर शुद्ध होतो हाही गैरसमज आहे. तंबाखू सोडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत खोकला वाढल्यासारखा वाटतो, कारण श्वासनलिका स्वतःची सफाई पुन्हा सुरू करते. तेवढ्यावरून "सोडल्यामुळे त्रास झाला" म्हणत परत विडी पेटवू नये. आणि ओढणाऱ्याचा खोकला बदलला, आवाज बसला, बेडक्यात रक्त दिसले, तर फुप्फुसाच्या कर्करोगाची तपासणी टाळू नये.

कधीही विडी न ओढलेल्या दादीला, नानीला धाप आणि खोकला का? तीस-चाळीस वर्षे चुलीसमोर बसून फुंकणीने जाळ फुंकल्यामुळे. गॅस घरात आला असला तरी पाणी तापवायला, बिर्याणीच्या देगीला चूल पेटतेच. ती अंगणात किंवा मोकळ्या हवेत असावी. जुमेरातला घर बंद करून लोबान, ऊद घालण्याची अनेक घरांत पद्धत आहे. खोकला किंवा दमा असलेले माणूस घरात असेल तर धूर बंद ठेवावा किंवा निदान खिडक्या उघडाव्यात. अगरबत्ती आणि मच्छर अगरबत्ती यांचेही तेच. डासांसाठी मच्छरदाणी बरी.

पोटापाण्याच्या कामाचाही विचार करायला हवा. कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराची एक खास खूण आहे. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते आणि खोकला वाढतो. जिथे शुक्रवारची सुट्टी असते तिथे हा त्रास शनिवारी जाणवतो. जिनिंग आणि सूतगिरणीतले कामगार, गाद्या भरणारे पिंजारी-नदाफ बांधव यांना हा धोका जास्त; मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांवरही तंतूंची धूळ असतेच. बेकरीत पिठाची धूळ, विड्या वळताना तंबाखूची भुकटी, दगड फोडताना सिलिका, गॅरेजमध्ये रंगाचा फवारा यांचाही त्रास होतो. सुट्टीवर गावी गेल्यावर खोकला कमी होतो आणि कामावर परतताच वाढतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. तोंडाला रुमाल बांधल्याने बारीक धूळ अडत नाही, त्यासाठी योग्य मास्क लागतो. कबुतरे पाळणाऱ्यांनाही सांगणे आहे: विष्ठा आणि पिसांच्या भुकटीने काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. कबुतरे घरात असतील तर ते लपवू नका.

लहान मुलांचा खोकला

शेंगदाणा, फुटाणा, सुपारीचा तुकडा किंवा खेळण्याचा भाग श्वासनलिकेत अडकला तर मूल अचानक ठसकते. थोड्या वेळाने ते शांत होते, पण खोकला मागे राहतो. "खेळता खेळता ठसका लागला होता का?" याचे उत्तर आईलाच माहीत असते. अशा मुलाला तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यावे. चार वर्षांखालच्या मुलांच्या हाती शेंगदाणे देऊ नयेत.

लागोपाठ ढास लागून मूल लालबुंद होत असेल, शेवटी 'हुप' असा आवाज येत असेल किंवा उलटी होत असेल तर डांग्या खोकला असू शकतो. तान्ह्या बाळात आवाज येत नाही, श्वासच थांबतो. त्याची लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना देतात. पुढचे डोस दीड-दोन वर्षांच्या आत आणि पाच-सहा वर्षांच्या वयात असतात. कुणी काहीही अफवा उठवो, लसीचे कार्ड पूर्ण करा. ती मुलांची अमानत आहे.

खोकल्याच्या औषधाबाबतही सावध राहा. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य असलेल्या कफ सिरपमुळे मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊन त्यांचे मृत्यू झाले. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य विभागाने दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत अशी सूचना काढली. मोठ्या भावाच्या बाटलीतले उरलेले औषध छोट्याला अंदाजाने पाजणे कायमचे बंद करा.

बाटलीत असते तरी काय?

खोकल्याची औषधे मुख्यतः दोन प्रकारची: खोकला दाबणारी आणि कफ पातळ करणारी. काही बाटल्यांत दोन्ही एकत्र असतात, म्हणजे एक औषध कफ बाहेर काढायचा प्रयत्न करते आणि दुसरे त्याला अडवते. खूप कफ पडत असेल तर खोकला दाबू नये. कोडीन असलेल्या औषधाने झोप आणि बद्धकोष्ठता होते आणि त्याची सवय लागते. तरुण मुलाच्या खोलीत अशा रिकाम्या बाटल्या सापडू लागल्या तर दुर्लक्ष करू नका. काही सिरपमध्ये अल्कोहोल असते. अल्कोहोल नसलेले पर्याय सहज मिळतात. लेबल वाचा, केमिस्टला विचारा.

दुकानातून स्वतःहून अँटिबायोटिक घेणे तर नुकसानाचेच. सर्दीनंतरच्या खोकल्यात त्याचा उपयोग नसतो. लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या औषधाने टीबी काही दिवस दबतो आणि निदान लांबते. स्टिरॉइडच्या गोळ्यांनीही तात्पुरते बरे वाटते आणि आत आजार वाढतो.

मग घरगुती आणि युनानी उपाय? कुरआनच्या सूरह नहलमध्ये मधात लोकांसाठी शिफा असल्याचा उल्लेख आहे. रात्री झोपताना चमचाभर मध घेतल्याने घसा शांत होतो, मुलांच्या सर्दी-खोकल्यातही त्याचा थोडा उपयोग दिसला आहे. फक्त एक वर्षाच्या आतील बाळाला मध अजिबात देऊ नये. त्यातल्या जंतूंच्या विषामुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. मधुमेहींनी बेताने घ्यावा. गरम पाणी, आले, ज्येष्ठमध, जोशांदा, लऊक सपिस्तां यांनी घशाला आराम मिळतो. हकीमसाहेबांचे औषध चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. ज्येष्ठमध रोज जास्त प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो, त्यामुळे बीपीच्या रुग्णांनी तो टाळावा. हे उपाय तपासणीसोबत चालतील. तपासणी टाळण्यासाठी ते वापरू नका.

भगिनींसाठी, न बोलली जाणारी तक्रार

खोकताना लघवीचे थेंब सुटतात. दोन-तीन बाळंतपणे झालेल्या कितीतरी भगिनींना हा त्रास असतो. त्या कुणाला सांगत नाहीत. कपडे बदलत राहतात, वुजू पुनःपुन्हा करतात, लग्नकार्याला जाणे सोडतात. काहींची नमाज सुटते आणि ते दुःख मनात राहते. हे वयाचे भोग नाहीत. त्यावर इलाज आहे. पहिला इलाज म्हणजे खोकल्याचे कारण बरे करणे. दुसरा व्यायाम: लघवी रोखण्यासाठी जे स्नायू आवळतो ते पाच ते दहा सेकंद आवळून सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने करावे. खोकला येणार असे वाटताच आधी ते स्नायू आवळावेत. तरीही फरक पडला नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांना दाखवावे. तोपर्यंत नमाज सोडण्याची गरज नाही. अशा माजूर व्यक्तीसाठी शरीअतमध्ये सवलतीचे नियम आहेत. ते जाणत्या आलिमांकडून किंवा आलिमा भगिनींकडून समजून घ्यावेत.

रोजे आणि मशीद

रमजानमध्ये आम्लाचा खोकला वाढण्याचे कारण आपल्या दस्तरखानावर असते. इफ्तारला भजी-समोसे, तरावीहनंतर पुन्हा भरपेट जेवण आणि लगेच झोप. सहरीला पराठे आणि फज्रनंतर पुन्हा आडवे. खजूर, फळे, सूप आणि साधे जेवण असावे. सहरीनंतर तासभर तरी तिलावत करत बसावे. दम्याचा रोजचा पंप बहुतेकांना सहरी आणि इफ्तारच्या वेळी घेता येतो. रमजानच्या आधी डॉक्टरांकडून वेळा ठरवून घ्या. रोजात पंप घेतल्याने रोजा तुटतो की नाही, यावर उलमांमध्ये मतभेद आहेत; आपल्या आलिमांना विचारा. पण धाप लागली असताना पंप रोखून धरू नका. जीव वाचवणे आधी, रोजा नंतर पूर्ण करता येतो. आजारी माणसाला ही सवलत खुद्द कुरआनने दिली आहे.

कच्चा लसूण-कांदा खाऊन मशिदीत येऊ नये, कारण इतरांना त्रास होतो, ही हदीस सर्वांना माहीत आहे. संसर्गजन्य खोकला असताना पहिल्या सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहण्याआधी तिची आठवण ठेवावी. डॉक्टर सांगतील तितके दिवस घरी नमाज पढावी. प्रेषित (सल्ल.) शिंकताना चेहरा हाताने किंवा वस्त्राने झाकत असत, खोकतानाही हाच आदब पाळावा.

डॉक्टरांकडे जाताना

खोकला कधी सुरू झाला, दिवसा जास्त की रात्री, कोरडा की बेडक्याचा, कशाने वाढतो, काम काय, प्रवास कुठे केला, घरात कुणाला टीबी होता का आणि सध्या कोणती औषधे चालू आहेत, हे कागदावर लिहून न्या. जुने एक्स-रेही न्या. जुना आणि नवा शेजारी ठेवून पाहिल्यावर बरेच काही कळते.

बेडक्यात रक्त, दम लागणे, छातीत दुखणे, वजन घटणे, तीन आठवड्यांहून अधिक बसलेला आवाज, पायावर सूज किंवा आडवे झाल्यावर गुदमरणे, यांपैकी काहीही असेल तर दोन आठवडेही थांबू नका. पायावरची सूज आणि रात्रीचा खोकला हृदय कमजोर झाल्याचेही लक्षण असू शकते.

कधी सर्व तपासण्या ठीक येतात, उपचारही नीट होतात, तरी खोकला उरतो. घशाच्या नसा अतिहळव्या झालेल्या असतात. त्यासाठीही नसा शांत करणारी औषधे आणि खोकल्याची उबळ परतवण्याचे व्यायाम आहेत. छातीरोगतज्ज्ञांकडे जा. "काही नाही, मनाचे आहे" म्हणून घरच्यांनी त्या माणसाला एकटे पाडू नये.

घरात सगळ्यांचे खोकले ऐकणारी, सर्वांना काढा करून देणारी अम्मीच स्वतःचा खोकला महिनोन्‌महिने अंगावर काढते. हा अंक वाचून झाला की आज तिला विचारा, किती दिवस झाले. उत्तर दोन आठवड्यांहून जास्त आले, तर उद्याच तिला घेऊन जा.

अल्लाह सर्व आजारी बंधू-भगिनींना शिफा देवो. आमीन.